जुन्या मापाचे दात

कवळीकाका माणसाचा चेहरा विसरायचे, तोंड मात्र कधी विसरायचे नाहीत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते आधी ओळख असल्यासारखे हसत, मग गोंधळत, आणि समोरचा बोलायला लागला की त्यांची ट्यूब पेटायची: अरे, हा तर खालचा अरुंद जबडा! मुलीच्या शाळेत पहिल्यांदा मुख्याध्यापकांना भेटून आले तेव्हा काकूंनी विचारलं, माणूस कसा वाटला? काका म्हणाले, वरची पूर्ण कवळी आहे, कुणी बनवली देव जाणे, बोलताना वाजते. मुलीच्या अभ्यासाचं काय ठरलं ते काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही.

घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चाले. खिडकीशी टेबल, टेबलावर मेण वितळवायचा दिवा, बाजूला घासून चकचकीत करायची मोटर, आणि सगळ्या वस्तूंवर गुलाबी भुकटीचा पातळ थर. ही भुकटी म्हणजे कवळीच्या खोट्या हिरडीची. ती काकांच्या भुवयांवरही असायची. भिंतींवर छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर पांढऱ्या प्लास्टरचे जबडे. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवत, त्यात प्लास्टर ओतून काका साचा बनवत आणि साच्यावर कवळी. काम झालं तरी साचा टाकून देत नसत. त्यामुळे अर्ध्या गावाची तोंडं त्यांच्या घरात मुकाट बसलेली होती. काकू म्हणायच्या, एवढी माणसं घरात आणि एकही चहा मागत नाही, असे पाहुणे मिळायला भाग्य लागतं.

सगळ्यात वरच्या फळीवर, कुणाचा हात पोहोचणार नाही असा, एक साचा वेगळा ठेवलेला होता. तो काकूंचा.

काका काम शिकत होते तेव्हा उस्तादांनी सांगितलं होतं, कुणाचं तरी तोंड आण, त्याशिवाय हात बसायचा नाही. मित्रांना विचारलं तर ते दोन गल्ल्या सोडून फिरायला लागले. नवी नवरी म्हणाली, माझं घ्या की. मापाचा थंडगार लगदा तोंडात गेल्यावर तिला हसू आलं आणि माप फुकट गेलं. दुसरंही गेलं. मग काकांनी दरडावलं, नाकानं श्वास घे आणि मेलेल्या माणसाची आठवण काढ. त्या मापातून जो साचा निघाला त्यात बत्तीसच्या बत्तीस दात पहारेकऱ्यांसारखे उभे होते, फक्त वरच्या मधल्या दोन दातांत एक फट होती, तांदळाचा दाणा जाईल एवढी. त्या फटीतून काकूंचं हसणं अर्धं शिट्टीसारखं बाहेर यायचं आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं.

काकांचे स्वतःचे दात मात्र चाळिशीआधीच गेले. तंबाखू, आळस, आणि रात्री न घासता झोपायची खोड. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. स्वतःची कवळी त्यांनी स्वतः बनवली, आणि ती त्यांच्या हातचं सगळ्यात उत्तम काम होतं हे सांगताना ते ती काढूनच दाखवत, समोरचा जेवत असला तरी. पण कवळी कितीही झकास असली तरी पुढच्या दातांनी कडक वस्तू तोडता येत नाही, पुढून जोर दिला की मागून उचलते. म्हणून घरात एक रीत पडली. संध्याकाळी मोटर बंद झाली की दोघं खिडकीशी बसायचे, आणि एक पेरू काकू दातांनी तोडून अर्धा काकांच्या हातावर ठेवायच्या. मग काका तो दाढांखाली सावकाश चघळायचे. घरात सुरी होती, चांगली धारदार होती. पण पेरूला ती कधी लागली नाही. मुलगी नाक मुरडायची, काका म्हणायचे, माझे खरे दात तुझ्या आईच्या तोंडात आहेत.

स्वतःच्या तोंडावरून काकांनी आयुष्याचा एक सिद्धांत बनवला होता. हिरडी म्हणजे स्वच्छता. ज्यानं घासलं त्याचे टिकले, ज्यानं नाही घासलं तो माझ्याकडे आला. यात त्यांना कुठलीही तिसरी शक्यता मान्य नव्हती. आणि सिद्धांत स्वतःच्या हाडामांसातून निघालेला असला की माणूस तो सोडत नाही, सुंभ जळतो, पीळ तसाच राहतो.

काकूंनी सत्तरी ओलांडली आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

काकांना ते मोरीतल्या बेसिनमध्ये दिसलं. पांढऱ्या फेसात गुलाबी रेघ. हा रंग ते रोज हातानं हाताळत होते, पण तो आपल्या घरच्या बेसिनमध्ये पाहून ते चिडले. घाबरले होते म्हणून चिडले, पण हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. नीट घासत नाहीस तू, ते म्हणाले. काकू म्हणाल्या, घासते की हो. मग दुसऱ्या दिवशी काका बेसिनशी उभे राहिले, मुकादम मजुरांवर राहतो तसे. मागच्या दाढा राहिल्या. आतून घास. जोर लाव, ब्रश काय फुंकर घालायला आहे?

काकूंनी जोर लावला. सकाळी लावला, रात्री लावला, दुपारी जेवणानंतर काकांची मोटर चालू असताना लावला. नवा ब्रश महिनाभरात केसाळ सुरवंटासारखा पिंजारायचा. रक्त वाढलं, थांबलं, पुन्हा आलं. पुढचा एक दात हलायला लागला, मग शेजारचा. हिरडी इतकी खाली सरकली की दात लांब दिसायला लागले. त्याच सुमारास त्यांना कमरेभोवती नागीण निघून गेली होती, सर्दी धरली की महिना महिना सुटत नव्हती, बोटाला विळीचा साधा ओरखडा गेला तर तो भरायला कितीतरी दिवस लागले. पण या सगळ्या गोष्टी एका ओळीत मांडून बघायचं कुणाला सुचलं नाही. काकांना तर नाहीच. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

आणि ते उत्तर त्यांनी घरापुरतं ठेवलं नाही. शेजारच्या शिवणवाल्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई बसायला आल्या होत्या तेव्हा काकू कसल्यातरी गोष्टीवर हसल्या, तर काका म्हणाले, "मी जन्मभर लोकांची तोंडं सावरली, आणि माझ्याच घरात हे. सांगून सांगून दातांच्या कण्या झाल्या माझ्या, बाई काही घासत नाहीत."

त्यांना वाटलं, आपण विनोद केला. वहिनी उगाच हसल्या. काकूंनी तोंडावर हात धरला. त्यानंतर त्या हसायच्या तेव्हा हात आधी वर जायचा, हसू नंतर यायचं. पुढे पुढे हातच जायचा, हसू येतच नसे. गल्लीच्या टोकाला काही ऐकू जाईनासं झालं. संध्याकाळचा पेरूही थांबला. आज पोट जड आहे, म्हणाल्या. उद्याही जड होतं. मग एके दिवशी काकांनीच सुरी काढली, फोडी केल्या आणि रागानं एकट्यानं खाल्ल्या.

शेवटी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. या बाई वयानं काकांच्या मुलीएवढ्या, काका त्यांचंच काम करायचे आणि त्या त्यांना काकाच म्हणायच्या. त्यांनी फोटो काढले, हाड पाहिलं आणि सांगितलं की दात आता आधाराशिवाय उभे आहेत, टप्प्याटप्प्यानं काढावे लागतील. काकू खुर्चीत तोंडात कापूस धरून बसल्या होत्या आणि काका शेजारी उभं राहून डॉक्टरीणबाईंना सांगत होते की मी हिला पहिल्यापासून बजावत होतो. काकू छताकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडातला कापूस बदलला.

सगळे दात निघाल्यावर एकदा काका एकटेच तिथे दुसऱ्या कुणाची कवळी पोहोचवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवलं, दार लोटलं आणि विचारलं, काकूंना तुम्ही घरी काय बोलता?

काकांनी आपला सिद्धांत सांगितला.

"काका, त्यांचं तोंड स्वच्छ होतं," त्या म्हणाल्या. "मी दिवसभर तोंडंच बघते. त्या वयात इतकं स्वच्छ तोंड मी क्वचित पाहिलंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. दातांच्या मुळाशी जंतू सगळ्यांच्याच असतात. कितीही घासा, थोडे राहतातच. तरुणपणी शरीराचे शिपाई ताबडतोब धावतात, त्यांना मारतात आणि आपापल्या घरी परत जातात. वय झालं की शिपाईही म्हातारे होतात. शत्रू उशिरा ओळखतात, धड पकडत नाहीत, आणि एकदा गोळा झाले की जागा सोडत नाहीत. तिथेच बसून जाळपोळ करत राहतात. जंतू जेवढं नुकसान करतात त्याहून जास्त ही धुमसणारी आग करते, आणि तिच्यात दाताखालचं हाड झिजत जातं. कुणाच्या बाबतीत हे लवकर होतं, कुणाच्या बाबतीत होतही नाही. काकूंची नागीण, न सुटणारी सर्दी, न भरणारा ओरखडा, या सगळ्याचं मूळ बहुतेक तेच.

म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं, काका म्हणाले.

तसंच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग काकांनी विचारलं की तिनं घासलं त्याचा काही उपयोगच झाला नाही का? झाला, त्या म्हणाल्या, म्हणून तर सत्तरीपर्यंत एकही हलला नाही. पण शेवटी शेवटी त्या फार जोरानं घासत होत्या, त्यानं हिरडी आणखी खाली गेली. पहिलं रक्त दिसलं तेव्हाच आणलं असतं तर मुळापर्यंत सफाई करून बरेचसे वाचवता आले असते. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं.

"मी त्यांना सांगू शकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांना बरं वाटेल. तुम्हीच सांगा."

वाक्य साधं होतं. तुझं तोंड स्वच्छ होतं, चूक तुझी नव्हती. घरी जाईपर्यंत काकांनी ते मनात कितीतरी वेळा म्हटलं. दारात काकू उभ्या होत्या, गाल आत गेलेले, ओठ आत दुमडलेले. "एवढा वेळ लागला?" त्यांनी बोबड्या आवाजात विचारलं, आणि लगेच तोंडावर हात धरला. काकांची दातखीळ बसली. काम होतं, ते म्हणाले, आणि मोटर चालू केली.

माफी मागायची सवय नसलेला माणूस काहीतरी करून दाखवायला जातो. काकांनी ठरवलं, आधी दात देऊ, असे देऊ की आरशात बघून ती स्वतःच हसेल, मग बोलू. त्यांनी वरच्या फळीवरचा साचा उतरवला, फुंकर मारून धूळ उडवली.

इथे त्यांच्या हातून जी चूक झाली ती या धंद्यात नवशिक्यानंही केली नसती. गिऱ्हाइकं जुने फोटो घेऊन यायची, असे दात करा म्हणायची, तेव्हा काका त्यांना ठरलेलं उत्तर द्यायचे: फोटोतल्या माणसाला कवळी लागत नाही, तुम्हाला लागते. दात गेले की हाड बसतं, जबडा आखडतो, गालांचं माप बदलतं. तिथे जुन्या दातांची लांबीरुंदी चालत नाही. हे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं. आणि काकूंच्या तोंडाचं नवं माप घेऊन कवळीचा हिरडीवर बसणारा तळ त्यावर बेतला खरा, पण दात मात्र जुन्या साच्यावरून मांडले. एकेक दात त्याच उंचीचा, त्याच रुंदीचा, आणि मध्ये ती फट. फट जमेपर्यंत त्यांनी मेण पुन्हा पुन्हा वितळवलं. हात त्यांना सांगत होता की हे मोठं होतंय. त्यांनी हाताचं ऐकलं नाही.

कवळी बसवली तेव्हा काकूंचे ओठ नीट मिटेनात. काका आरसा धरून उभे होते. आरशात एका म्हातारीच्या चेहऱ्यात वीस वर्षांच्या मुलीचे दात होते. काकूंनी पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. छान झालेत, म्हणाल्या. त्या संध्याकाळी काकांनी पेरू आणला आणि त्यांच्या हातात दिला. पुढच्या दातांनी पेरू तोडू नये हे गिऱ्हाइकाला बजावणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात काय होतं कुणास ठाऊक. काकूंनी दोन्ही अंगठ्यांनी कवळी दाबून धरून पेरू तोडला. अर्धा काकांच्या हातावर ठेवला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांना वाटलं, आनंदाचं आहे.

आता बोलावं असं त्यांना त्या क्षणी वाटलं होतं. पण संध्याकाळ चांगली चालली होती, ती जुन्या गोष्टी काढून कशाला बिघडवायची, असं म्हणून त्यांनी ते उद्यावर टाकलं.

काकू रोज कवळी घालायच्या. रोज कमी जेवायच्या. भूकच नाही, म्हणायच्या, आणि काकांना ते पटायचं, कारण पटवून घेणं सोपं होतं. एका दुपारी त्या झोपल्या असताना उशी सरकवताना काकांच्या हाताला रुमालाची पुरचुंडी लागली. आत कवळी होती. खालच्या काठावर रक्त वाळलेलं होतं. काकूंना जाग आली. काकांनी त्यांना तोंड उघडायला लावलं आणि खिडकीच्या उजेडात पाहिलं. हिरडीवर जखम होती, लांब आणि खोल, कडेनं पांढरी पडलेली. ती एका दिवसाची नव्हती. आणि भरणारीही नव्हती, ते का हे काका आता जाणून होते.

"सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं.

काकूंनी तोंड मिटलं, त्यावर हात धरला आणि हातामागून म्हणाल्या, "मला वाटलं, परत मीच नीट वापरत नसेन."

काका तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. या बाईनं जन्मभर त्यांच्यासाठी पेरू तोडला होता, आणि ते तिच्या तोंडात जखम करून वर तिलाच अपराधी करून बसले होते. चूक माझी आहे, ते म्हणाले, दात मोठे झालेत, उद्या नवं माप घेतो. एवढं तरी त्यांच्या तोंडून निघालं. पण ते कवळीबद्दल होतं. खरं वाक्य, ते जुनं वाक्य, घशापर्यंत आलं आणि तिथे रडणं आडवं आलं. बायकोसमोर रडायचं नाही म्हणून ते उठून पुढच्या खोलीत गेले.

नवं माप घेतलं. या वेळी लगदा तोंडात असताना काकू हसल्या नाहीत, नाकानं श्वास घेत शांत बसल्या. काकांनी आजच्या जबड्यावर आजचे दात बसवले, लहान, आखूड, थोडे पिवळसर, म्हातारीला शोभतील असे. फट ठेवली नाही. हे देताना सगळं सांगायचं हे त्यांनी पक्कं केलं होतं. घासून चकचकीत करायचं तेवढं राहिलं होतं, तेव्हा काकूंच्या छातीत कफ झाला. आधीच खाणं तुटलेलं, अंगात त्राण नाही. इस्पितळात नेईपर्यंत त्या ग्लानीत गेल्या. नाकातोंडावर मास्क. काका कानाशी वाकून बोलू लागले की परिचारिका काहीतरी करायला यायची आणि ते बाजूला व्हायचे. तिच्यासमोर कसं बोलायचं? एकदा कुणी नव्हतं तेव्हा बोलायला वाकले तर यंत्र वाजायला लागलं आणि सगळे धावत आले.

काकू गेल्यावर काकांनी डॉक्टरांना विचारलं, जखमेमुळे खाणं सुटलं आणि त्यामुळे हे झालं का? डॉक्टर म्हणाले, या वयात शरीर कशालाच तोंड देत नाही, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. हे उत्तर मायेनं दिलेलं होतं. काकांच्या ते काही उपयोगाचं नव्हतं.

काकूंना घरी आणलं, पुढच्याच खोलीत ठेवलं. टेबल भिंतीला सरकवलं होतं. फळ्यांवरचे साचे बघत होते आणि खाली माणसं बसली होती. शिवणवाल्या वहिनी होत्या, त्यांच्या सासूबाई होत्या, डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या होत्या. रातोरात प्रवास करून मुलगी आली होती. न्यायची वेळ झाली तेव्हा वहिनी मुलीच्या कानात म्हणाल्या की चेहरा फार बसलेला दिसतोय, दात लावले तर बरं दिसेल, शेवटचं बघतायत लोक. मुलीनं टेबलावरून नवी कवळी उचलली. चकाकी न दिलेली, तशीच.

"बाबा, आईला दात बसवता?"

काकांनी कवळी हातात घेतली. काकूंच्या तोंडाशी वाकले. ओठ किंचित उघडे होते. त्यांना ते तोंड कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. ते तसेच वाकून राहिले, इतका वेळ की मुलीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"नको," ते म्हणाले. मग वळून वहिनींकडे बघत, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तोंड स्वच्छ आहे तिचं. कायम स्वच्छ होतं. ती रोज घासायची."

वहिनींच्या सासूबाईंना वाटलं, दुःखानं काका भ्रमिष्टासारखं बोलतायत, त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. दाराशी उभ्या डॉक्टरीणबाईंनी तेवढी मान खाली घातली. काकांनी पेला घेतला नाही. ते पुन्हा काकूंच्या कानाशी वाकले आणि तेच पुन्हा सांगायला लागले, या वेळी हळू, तिच्यापुरतं. बाहेर गाडी येऊन थांबली होती, माणसं उठली होती, आणि मुलगी त्यांना म्हणत होती की बाबा, आता चला.